वीतभर कमी उघडणारा हात

आमच्या तोगानामी पैलवानाचा खांदा अखेर जागेवर राहू लागला होता. आधी नुसती जोरात शिंक आली तरी निखळायचा. डॉक्टर कुराताबाईंनी हाडात खिळी बसवून कृत्रिम अस्थिबंध ओवला, पोलिएस्टरचा, बुटाच्या नाडीसारखा. आमच्या सुमोच्या तालमीचे वस्ताद, म्हणजे माझे यजमान, दवाखान्याची पायरी चढत नाहीत; सूचना ऐकायला मीच गेले होते.

"पुढच्या स्पर्धेत उतरू दे," बाई म्हणाल्या. "हात मात्र वीतभर कमी उघडेल. तो तसाच राहू द्या. हा बंध ओढून सैल होत नाही, सगळा ताण हाडावर जाईल."

घरी येऊन मी शब्द न् शब्द सांगितला. पण कुस्तीआधी आमचे पैलवान उकिडवे बसून दोन्ही हात पसरतात, तळवे फिरवून दाखवतात की हातात काही नाही. तोगानामीचा उजवा हात मध्येच अडायचा.

"पंख छाटलेला कोंबडा!" वस्ताद म्हणाले. "असा बसणार माझा पैलवान देवासमोर?"

"देवाला चालतं हो. तुम्हालाच चालत नाही."

"तुझ्या गाणाऱ्या बुवांनी सांगितलं वाटतं?"

सांगितलं होतंच. माझ्या माहेरी, तोयामाच्या देवळात, बुवा गाऊन गाऊन सांगतात, की आपल्या जोरावर ओढत राहाल तर गाठ आणखी बसेल. आमिदा बुद्धाने आपल्याला धरलंय, तेवढं पुरे. दर वेळी माझे डोळे भरून येतात. यांच्या कानात मात्र आखाड्याची माती.

स्पर्धा तोंडावर आली. ही चुकली तर तोगानामी मानाच्या फळीतून खाली. पुन्हा मोठ्यांच्या पाठी घासायच्या, वस्तादांपासून सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी उरेल ते खायचं. त्या सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तो आखाड्यात पालथा, आणि इवाकागे, आमच्यातला सगळ्यात वजनदार गडी, त्याच्या पाठीवर बसून हात मागे ओढतोय. नव्या पोरांचे पाय फाकवायला असेच बसतात.

"ऊठ रे त्याच्यावरून! हाड जाईल!"

"वस्तादांनी सांगितलंय, काकू."

"तोगानामी, तू तरी बाहेर ये!"

"सैल... सैल होतंय, काकू."

बाईने आखाड्याच्या मातीवर पाऊल ठेवायचं नसतं. मी लाकडी ओट्याच्या काठावर उभी, हातात पळी, तोंडात आमिदाचं नाव, आणि पाय काही पुढे पडेना. वस्ताद गादीवरून म्हणाले, "अजून थोडं."

कट्‌कन आवाज आला.

या वेळी वस्तादही दवाखान्यात आले. कुराताबाईंनी खांद्याच्या आतलं चित्र दाखवलं. बंध शाबूत होता. खिळी हाडाचा तुकडा घेऊन उपटली होती. वस्ताद ते निरखून म्हणाले, "म्हणजे दोरी चांगली होती."



परतताना तोगानामी हळूच म्हणाला, "काकू, आता वाढायला मीच ना?"

"डाव्या हाताने वाढ," मी खेकसले. "आणि वस्तादांना सगळ्यात शेवटी."

पुढे चाललेले वस्ताद थबकले. पण वळले नाहीत.