चौथं उत्तर

"एकोणीस नंबर पुन्हा लाल!" मोठ्या बाईंनी हातातली पट्टी पडद्यावरच्या चौकोनावर टकटक आपटली. "बघा, तुमच्याच डोळ्यांनी बघा. महिनाभर रोज हीच रड. सोमवारपासून ही मुलगी ब तुकडीत."

शाळा नुकतीच सुटली होती. रिकाम्या वर्गात भिंतीवरचा मोठा पडदा अजून चालू होता. प्रत्येक मुलाच्या नंबराचा एक चौकोन, ज्याला सगळं आलं तो हिरवा, ज्याचं एखादं तरी चुकलं तो लाल. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. आणि ज्यांना त्या 'बघा' म्हणत होत्या त्या अजून धड बाई झालेल्याच नव्हत्या. अध्यापक महाविद्यालयात शिकणारी, सरावाचे पाठ घ्यायला या शाळेत पाठवलेली ती एक तरुण मुलगी. अर्धा दिवस यायची, आणि ती शिकवत असताना मागच्या बाकावर कुणीतरी बसून तिच्याच चुका टिपायचं. मुलांनी पहिल्या दिवशीच तिचं नाव ठेवलं होतं, अर्ध्या बाई. नावं ठेवण्यात मुलांचा हात कुणी धरणार नाही.

"बरोबर आहे मॅडम," अर्ध्या बाई म्हणाल्या. "यंत्राला कुणाची चप्पल दिसत नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. पालकसभेत टाळ्या मिळवून देणारं. पण ते नुसतं टाळ्यांसाठी नव्हतं. त्या स्वतः तिसरीत असताना एका मास्तरांनी वर्गात आल्या आल्या मुलांच्या पायांकडे बघून जागा वाटल्या होत्या. तुटक्या चपलांची मुलगी मागच्या रांगेत गेली आणि शाळा सुटेपर्यंत मागेच राहिली. हात वर केला तरी मास्तरांची नजर तिच्या डोक्यावरून जायची. त्यामुळे शाळांमध्ये टॅब आले तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. आता कुणी तोंड बघून टिळा लावणार नाही. ज्याला येतं त्याला येतं. याच विषयावर त्यांनी महाविद्यालयात निबंध लिहून बक्षीसही मिळवलं होतं.

एकोणीस नंबरला वर्गात खारूताई म्हणत. पुढचे दोन दात मोठे, आणि सतत काहीतरी कुरतडत असायची, पेन्सिल नाहीतर फ्रॉकचा पट्टा. आवाज एवढासा. ब तुकडी म्हणजे स्वच्छतागृहाशेजारची खोली. तिथे टॅब नव्हते, कारण 'त्या मुलांना काय करायचेत', आणि धड एक शिक्षकही नव्हता, जो मोकळा असेल तो जायचा. तिथे गेलेलं मूल परत आल्याचं शाळेत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

शुक्रवारी अर्ध्या बाईंचा वार्षिक पाठ होता. म्हणजे त्यांचीच परीक्षा. महाविद्यालयातले सर निरीक्षक म्हणून येणार, टॅबच्या कंपनीचा माणूसही येणार. आता वार्षिक पाठाची एक रीत असते, ती सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणीच बोलत नाही. आदल्या दिवशी तोच पाठ, तेच प्रश्न मुलांकडून घोटून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी मुलं अशी फडाफडा उत्तरं देतात की निरीक्षकांनाही भरून येतं. अर्ध्या बाईंनीही गुरुवारी तेच केलं. टॅब चार्जिंगला लावले होते म्हणून त्यांनी प्रश्न कागदावर छापून वाटले. टॅबवर दिसतात तसेच, प्रश्न मध्ये आणि चार उत्तरं चार कोपऱ्यांत.

बाकांमधून फिरताना त्यांना खारूताईची कुजबूज ऐकू आली. ती शेजारणीला सांगत होती, "वाफ गं. पाणी उकळलं की वाफ होते. धुकं नाही." शेजारणीने 'वाफ'वर खूण केली. आणि मग खारूताईने स्वतःच्या कागदावर 'धुकं'वर खूण केली.

अर्ध्या बाई थबकल्या. "अगं, आत्ता तर वाफ म्हणालीस!"

खारूताईने पट्टा तोंडात धरला.

"येतंय ना तुला? मग धुकं का केलंस?"

"वाफ चौथं आहे."

"बरं मग?"

"चौथं माझं कधी बरोबर येत नाही."

अर्ध्या बाईंना आधी हसू आलं, मग शंका. मधल्या सुट्टीत त्यांनी एकोणीस नंबरचा टॅब चार्जिंगवरून काढला आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. काही नाही. दाबून बघितलं, घासून बघितलं, अंगठ्याने बघितलं. काचेवर चरा नाही, टवका नाही, वरून टॅब नवाकोरा. फक्त तेवढा एक कोपरा मेलेला होता.

"अगं, मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"तुम्हीच म्हणालात ना," खारूताई खाली बघत म्हणाली, "ज्याच्या हातात बिघडेल त्यानेच फोडला असं समजू म्हणून."

म्हणाल्या होत्या. मोठ्या बाईंचा नियम, पण वर्गात खणखणीत आवाजात वाचून दाखवला होता यांनीच.

"आणि काहीच दाबलं नाही तर?"

"तर ते ओरडतं. मग सगळे माझ्याकडे बघतात. म्हणून मी दुसरं दाबते."

महिनाभर ही एवढीशी पोर उत्तर माहीत असताना चुकीचं उत्तर देत होती, कारण चुकीचं उत्तर गुपचूप देता येत होतं. आणि महिनाभर शिकले-सवरलेले लोक लाल चौकोनाकडे बोट दाखवून माना डोलावत होते. अर्ध्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरच होता.

शाळा सुटल्यावर त्या खारूताईला घेऊन फाटकापाशी थांबल्या. तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. पाण्याने पांढरी पडलेली बोटं पदराला पुसत ती आली, आणि अर्ध्या बाईंनी काही सांगायच्या आतच म्हणाली, "कळलंय बाई. चिठ्ठी आली घरी. ढ निघाली माझी पोरगी."

"नाही हो ताई, ढ नाहीये ती. टॅब बिघडलाय."

आईने एकदा त्यांच्याकडे, एकदा मुलीकडे बघितलं. "मला वाटायचं, हुशार आहे. घरी तर सगळं घडाघडा सांगते. एखाद्या मास्तरणीने ढ म्हटलं असतं ना, तर मी तिच्याशी कचाकचा भांडले असते. पण यंत्र म्हणालं. यंत्राशी कुठे भांडायचं? तुम्हीच म्हणालात ना सभेत, त्याला चप्पल दिसत नाही." मग ती हलकेच म्हणाली, "काल मारलं हो मी तिला."

अर्ध्या बाई तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "उद्या तुमचा वार्षिक पाठ आहे, त्यात लक्ष घाला. कंपनीचा माणूस येतोय, वरच्या वर्गांचे टॅब यायचेत. नसती अवदसा नको. आणि पुढच्या वर्षी एक जागा रिकामी होतेय, तुमचं नाव आहे माझ्या डोक्यात."

"आणि एकोणीस नंबर?"

"याद्या लागल्यात. एका मुलीसाठी याद्या बदलायला लागले तर रांग लागेल पालकांची."

घरी जाताना अर्ध्या बाईंच्या मनात एकच विचार, सगळे टॅब गोळा करावेत आणि विहिरीत टाकावेत. खडू बरा, फळा बरा. मग वळणावर आल्यावर आठवलं की त्यांना स्वतःला मागे बसवलं होतं ते खडूवाल्यानेच. त्याने पाय बघितले, याने बोट बघितलं. पोरीला 'तुला येतं का गं?' म्हणून विचारलं दोघांनीही नाही. दोष काचेत नव्हता की खडूत नव्हता. विचारायचा कंटाळा आलेल्या माणसांना कुणीतरी परस्पर सांगणारं हवं होतं, एवढंच. निबंधात हे एक वाक्यही आलं नव्हतं, आणि त्याला बक्षीस मिळालं होतं!

शुक्रवारी वर्ग खच्चून भरला. मागच्या बाकावर सर, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई, दाराशी कंपनीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडावर न मावळणारं हसू. अर्ध्या बाईंनी पाठ सुरू करण्याआधी टॅब वाटले. स्वतःचा टॅब खारूताईला दिला आणि एकोणीस नंबरचा आपल्या हातात ठेवला.

पाठ झकास रंगला. मग प्रश्न आला. पाणी उकळलं की काय होतं?

"मुलांनो, उत्तर काय?"

"वाऽऽफ!" वर्ग ओरडला.

"मी दाबते हं. सगळ्यांनी बघा." त्यांनी टॅब छातीशी धरून मुलांकडे वळवला आणि चौथ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग पुन्हा. मग दोन्ही अंगठ्यांनी. वेळ संपली आणि टॅब त्यांच्या हातात ओरडायला लागला. पडद्यावर सगळे चौकोन हिरवे आणि एकोणीस नंबर लालभडक.

वर्गात खसखस पिकली. "अर्ध्या बाई नापास!" कुणीतरी मागून ओरडलं.

"नापास," अर्ध्या बाई म्हणाल्या. "मी काय दाबलं ते तुम्ही बघितलंत. मला उत्तर येत होतं की नव्हतं?"

"येत होतं!"

"पडदा काय म्हणतो?"

मुलांच्या माना पडद्याकडून खारूताईकडे वळल्या. ती पट्टा कुरतडायची थांबली होती.

"ते मायनर आहे मॅडम, सेटिंगचं असतं," दारातून कंपनीचा माणूस म्हणाला. त्याचं हसू अजून मावळलं नव्हतं. सर वहीत काहीतरी लिहीत होते. ते अर्थातच मार्क होते.

पाठ संपल्याबरोबर मोठ्या बाईंच्या खोलीत दार लावून जे व्हायचं ते झालं. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीत! पाहुण्यांसमोर!"

"घरात सांगायला आलेच होते की मी काल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मला नोकरी दाखवलीत."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला, कारण सर तिथेच उभे होते. मोठ्या बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "ठीक आहे. एकदाचा सोक्षमोक्ष लावू. बोलवा त्या मुलीला. नवा टॅब, माझ्यासमोर चाचणी. हिरवी आली तर यादीतून नाव काढते. मग तर झालं?"

अर्ध्या बाईंना वाटलं, जिंकलो. त्यांनी स्वतः जाऊन खारूताईला आणलं. पाठोपाठ आलेल्या कंपनीच्या माणसाने खोक्यातून नवाकोरा टॅब काढला, चारही कोपरे दाबून दाखवले, आणि खोलीतल्या छोट्या पडद्याला जोडला. मोठ्यांसाठी केलेल्या उंच खुर्चीत खारूताई बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिली उत्तरं तिने पटापट दिली. हिरवं, हिरवं. कंपनीच्या माणसाने 'शाब्बास' म्हटलं.

मग प्रश्न आला: यांपैकी कोणता प्राणी पिलांना दूध पाजतो? मगर, शार्क, शहामृग, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात वटवाघूळ.

खारूताईचं बोट वटवाघळापाशी गेलं. काचेपासून केसभर अंतरावर थांबलं. आणि सवयीने बाजूला सरकून शहामृगावर टेकलं.

"अगं, हा चालतो! हा नवा आहे, दाब ना!" अर्ध्या बाई ओरडल्या.

"बाई! परीक्षा चालू आहे!" मोठ्या बाई म्हणाल्या.

खारूताई दचकली. तिला वाटलं, हाही आपणच बिघडवला. त्यानंतर तिने त्या कोपऱ्याकडे बघणंच सोडलं. जिथे जिथे चौथं उत्तर होतं तिथे तिथे तिने दुसरं काहीतरी दाबलं, पटकन, आवाज होऊ न देता. शेवटी पडदा लाल झाला.

"बघितलंत?" मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता, सुटका होती. "आता तर यंत्र नवं होतं ना?"

सरांनी खाकरून घसा साफ केला आणि खिडकीबाहेर बघितलं. यंत्राने महिनाभर ओरडून ओरडून शिकवलेलं पोर एका दिवसात कसं विसरेल, हे त्यांना कळत नसेल असं नाही. पण तसं म्हणायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

अर्ध्या बाईंनी खारूताईच्या हातातून टॅब काढून टेबलावर पालथा ठेवला. मग त्या खुर्चीपुढे जमिनीवर बसल्या, अशा की त्या पोरीला वर बघावं लागू नये.

"सांग मला. पिलांना दूध कोण पाजतं?"

खारूताईने दाराकडे बघितलं, मोठ्या बाईंकडे बघितलं, मग अर्ध्या बाईंकडे.

"वटवाघूळ," ती म्हणाली. आणि मग कुणी न विचारता, जरा मोठ्याने, "ते पक्षी नसतं. त्याला कान असतात, आणि ते अंडी घालत नाही."

"मॅडम, ऐकलंत?" अर्ध्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई पडद्याकडे बघत होत्या.