गुरुवारचा शिक्का

“हात वर! सगळ्यांनी! एल्विरा, तुझा हात कुठाय? झोपलीस की काय?”

ब्रेंडा क्विग्ली खुर्चीवर उभी होती. सत्तरीला टेकलेल्या बाईने पार्कातल्या डुगडुगत्या खुर्चीवर चढू नये, असं तिला कोणी सांगितलं असतं तर ती टेबलावर चढली असती. तिच्या टोपीवर आयुष्यभर जमवलेले बिल्ले होते आणि ती रागावली की ते सगळे एकदम वाजायचे. आज ते मघापासून वाजत होते.

एल्विरा साल्गादोने हात वर केला. इस्पितळाच्या धोबीखान्यात सकाळपासून ओल्या चादरी उचललेला तो हात खांद्यापर्यंत जायलाच कुरकुरला. मनगटाला ब्रेंडाने बांधलेली काळी फीत होती. निषेधाची.

“म्हणा माझ्यामागून. या वर्षी पास रिन्यू करणार नाही!”

“करणार नाही!” बेकरीसमोरची सगळी टेबलं ओरडली.

“एकानेही नाही!”

“एकानेही नाही!”

एल्विराचे ओठ हलले, पण आवाज काही तिने बाहेर येऊ दिला नाही. तिचा पास आज संपत होता. ही सभा आटोपली की कोणाच्या नजरेस न पडता पास-ऑफिसात जायचं आणि तो रिन्यू करून टाकायचा, असं ठरवूनच ती घरून निघाली होती.

लँटर्न बे या करमणुकीच्या पार्कने सोमवारी नवे दर लावले होते. आसपास राहणाऱ्यांसाठी एक स्वस्तातला पास असे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून कधीही या, असा. तो बंद झाला. त्याच्या जागी आलेला पास जवळजवळ दुप्पट महाग होता, आणि वर त्याच्याबरोबर पॉपकॉर्नची एक रंगीत बादली फुकट. त्या बादलीने लोक जास्त भडकले होते. दरवाढ एक वेळ गिळता आली असती, पण बादली काही केल्या घशाखाली उतरत नव्हती.

“बादली देतायत!” ब्रेंडा खुर्चीवरून उतरता उतरता म्हणाली. “माझं अर्धं आयुष्य इथे गेलं आणि मला बादली! त्यांना आपण नकोच आहोत. त्यांना पाहिजेत विमानाने येणारे, एका दिवसात महिन्याचा पगार उडवणारे. आपण काय, एक कोको घेतो आणि संध्याकाळभर टेबल अडवून बसतो.”

“ते मात्र खरंय,” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ब्रेंडासुद्धा हसली.

डस्टिन फोन काठीला लावून मागे मागे चालत होता. तिशी उलटलेला, टक्कल पडू लागलेला डस्टिन पार्कचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचा. “तर मित्रांनो, बघताय ना? ही आहे गुरुवारची मंडळी. साधी माणसं. पण आज पेटलीत! एल्विरा, बोला ना दोन शब्द कॅमेऱ्यासमोर.”

“मी काय बोलू?”

“काहीही. मनातलं बोला.”

“पाय दुखतायत,” एल्विरा म्हणाली. डस्टिनने फोन दुसरीकडे वळवला.

गुरुवार हा मुळात रामिरोचा वार. रामिरो म्हणजे तिचा नवरा. लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करायचा. माळ्यावरच्या उकाड्यात पोटावर सरपटत जाऊन लोकांना गार वारा देण्यात त्याचा जन्म गेला. गुरुवारी मात्र दुपारनंतर तो कोणाचा फोन घेत नसे. गार्डन ग्रोव्हमधल्या घरून गाडी काढायची, पार्कात यायचं, साखरेत घोळवलेला एक तळलेला चुरो दोघांत खायचा आणि कंदिलांच्या कालव्यात नावेत बसायचं. अंधारा बोगदा, वर शेकडो कागदी कंदील, खाली काळंशार पाणी. “इथला एसी बघ,” तो दर वेळी म्हणायचा. “असा पाहिजे एसी. आवाज नाही काही नाही.” आणि निघताना फाटकावर हाताला शिक्का मारून घ्यायचा. त्याच दिवशी पुन्हा आत यायचं असेल त्यांच्यासाठी तो शिक्का. साध्या उजेडात दिसतसुद्धा नाही, जांभळ्या दिव्याखाली धरला तरच. पुन्हा आत ते कधीच आले नाहीत. तरी तो घ्यायचाच. “घे गं. फुकट आहे. दार उघडं राहतं.”

रामिरो गेला तेव्हा पाद्रीबाबांनी बजावलं होतं, राख पवित्र जागीच ठेवायची, कुठे उधळायची नाही. एल्विराने अर्धी राख दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. उरलेली अर्धी, सँडविचच्या पिशवीत घालून, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी कालव्यात नेली आणि नाव वळणावर आली तेव्हा हळूच पाण्यात सोडली. मुलीला, मारिसोललासुद्धा, सांगितलं नाही. दफनभूमीत होता तोही रामिरोच, पण गप्प रामिरो. बोलणारा इथे होता. चार वर्षं ती दर गुरुवारी त्याच्याशी नावेत बोलत आली होती, आणि नाव धक्क्याला लागेपर्यंत तिला बरं वाटायचं. आठवड्यात तेवढंच बरं वाटायचं.

मारिसोल म्हणायची, “आई, त्या पैशांत तुझे दात होतील. वेड लागलंय का तुला? म्हातारपणी कोणी झोपाळ्यात बसायला पास काढतं?” डाव्या बाजूने चावता येत नव्हतं, हे खरंच होतं. एल्विरा उजव्या बाजूने चावायची आणि मूग गिळून बसायची. आता दुप्पट पैसे म्हणजे दात गेलेच. पण नवऱ्याला पाण्यात टाकून आपण पाठ फिरवायची, हे तिच्या जिवावर येत होतं.

सभा पांगली. ब्रेंडाने तिला मिठी मारली. “पुढच्या गुरुवारी आपण बाहेर भेटू. त्या डोनटच्या दुकानात. बघू दे ह्यांना रिकामी टेबलं!” एल्विराने मान हलवली. आपण ढोंगी आहोत असं तिला वाटलं, आणि त्याचाही शीण आला.

आधी रामिरोला सांगू, मग ऑफिसात जाऊ, असं म्हणून ती कालव्याकडे गेली तर तिथे साखळी लावलेली. नावा एकामागे एक धक्क्याला थांबलेल्या. बाजूचं छोटं दार उघडलं आणि मांडीपर्यंत रबरी बूट चढवलेला हेक्टर बाहेर आला. हेक्टर एके काळी रामिरोच्या हाताखाली शिकलेला. मग पार्कात नोकरी लागली. रामिरोला तो उस्ताद म्हणायचा आणि तिला मानाने ‘दोन्या’.

“दोन्या एल्विरा! आज गुरुवार नाही का. बसा, बसा. पंप अडकलाय. कोणाची तरी टोपी ओढली त्याने. होईल चालू थोड्या वेळात.”

“घाई नाही रे.”

“नाहीतरी पंप जुनाच झालाय. जानेवारीत कालवा उपसू तेव्हा बदलतील.”

“उपसू म्हणजे?”

“म्हणजे पूर्ण रिकामा करतो आम्ही. तळापर्यंत. दर जानेवारीत.” हेक्टर तिच्याशेजारी बाकावर बसला आणि बुटातलं पाणी काढू लागला. “काय काय निघतं विचारू नका. फोन, चष्मे. एकदा कवळी निघाली, अख्खी! नाणी तर घमेलंभर. आणि राख.”

“कसली राख?” तिने इतक्या साधेपणाने विचारलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“माणसांची हो. लपवून आणतात आणि अंधारात सोडून देतात. मेलेल्याची आवडती जागा असेल. त्यांना वाटतं, विरघळून जाईल. ती कसली विरघळते! खाली बसते नाहीतर फिल्टरात जाते. फिल्टर चोंदतात. मग आम्ही खरवडायची, मशीनने ओढायची, पिशव्या भरायच्या.”

“आणि पिशव्या?”

हेक्टरने बुटाकडे पाहिलं. “कचऱ्यात, दोन्या. दुसरं कुठे?” “मी आपला पिशवी बांधताना छातीवर क्रूस काढतो. सुपरवायझर हसतो मला. पण कोणीतरी काढायला पाहिजे ना.”

“दर जानेवारीत?”

“दर जानेवारीत. आपले उस्ताद असते ना, तर असल्या शिव्या घातल्या असत्या! कोण गाढव फिल्टरात घाण टाकतो म्हणून!”

एल्विराला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी ते थांबेना. खरंच घातल्या असत्या त्याने शिव्या. लोक फिल्टर साफ करत नाहीत आणि मग गार हवा येत नाही म्हणून रडतात, हे तो रोज रात्री जेवताना म्हणायचा. आणि तोच जाऊन बसला होता फिल्टरात, बायकोच्या कृपेने. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हेक्टर घाबरला. “चुकलो मी. त्यांची आठवण काढायला नको होती.”

“नाही रे बाबा,” ती म्हणाली. “बरं केलंस. तूच होतास ना इथे? चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीतपण?”

“मीच. का हो?”

“काही नाही.” तिने त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ऑक्टोबर ते जानेवारी. एवढाच काळ तो तिथे होता. त्यानंतर मारिसोलचा घटस्फोट, गुडघ्याचं दुखणं, धोबीखान्यातला नवा साहेब, हे सगळं तिने नळाच्या पाण्याला सांगितलं होतं. ही गोष्ट तिला फार लागली. नावेत बसायची ताकदच तिच्यात उरली नाही. ती उठली आणि आधी ठरवल्याप्रमाणे पाय पास-ऑफिसाकडे वळले.

रांग बाहेरपर्यंत आली होती. एल्विरा शेवटी उभी राहिली आणि मग तिला पुढे ती टोपी दिसली. ब्रेंडाने दोन्ही हातांनी टोपी छातीशी घट्ट धरली होती, बिल्ले वाजू नयेत म्हणून. तिच्यामागे डस्टिन होता. फोन चक्क खिशात. दोघांच्याही मनगटांवर फीत नव्हती.

ब्रेंडा वळली.

“मी नुसती चौकशी करायला आले,” ती म्हणाली.

“मी पण,” डस्टिन म्हणाला. “म्हणजे... व्हिडिओसाठी. आतून दाखवायला हवं ना.”

एल्विराने दोघांच्या उघड्या मनगटांकडे पाहिलं. ब्रेंडाचा धीर सुटला. “मग काय करू गं? गुरुवारी जाऊ कुठे? घरी टीव्ही आणि मी. मांजरसुद्धा शेजारणीकडे जेवतं. डोनटच्या दुकानात कोण येणार आहे? कोणी येणार नाही, मला माहितीय. इथे निदान माझं नाव घेऊन हाक मारणारं कोणीतरी आहे.” मग एकदम तिचा चेहरा उजळला. “अगं पण तू! तू पण चोरच की! ये, माझ्यापुढे उभी राहा. तिघांतलं तिघांतच राहू दे.”

“नाही ब्रेंडा. मी नाही घेत.”

“अगं, ती शपथ काय धरून बसलीस! रागाच्या भरात बोलतो माणूस.”

“शपथेचं नाही गं.” खरं सांगता येत नव्हतं, म्हणून तिने दुसरं खरं सांगितलं. “दात करायचेत.”

ब्रेंडा तिच्याकडे बघत राहिली. रांग पुढे सरकली, तरी ती जागची हलली नाही. “आणि तुझी खुर्ची?”

“टोपी ठेव तिच्यावर,” एल्विरा म्हणाली. “डोकं तरी हलकं होईल तुझं.”

ब्रेंडा हसली नाही. डस्टिनने तिच्या कोपराला धरून तिला हळूच पुढे नेलं.

फाटकावर नवी मुलगी होती. एका हातात शिक्का, समोर जांभळा दिवा. एल्विराच्या मनगटावरची काळी फीत बघून तिचा चेहरा बदलला. सकाळपासून दरवाढीवरून शिव्या खाल्ल्या होत्या तिने, पण हे तिला वेगळं वाटलं असावं.

“कोणी गेलं का हो तुमचं?”

“हो. नवरा.”

“अरे देवा. कधी?”

“जानेवारीत,” एल्विरा म्हणाली.

“पुन्हा आत येणार आहात आज?” मुलीने हळू आवाजात विचारलं. विचारायचं असतं म्हणून विचारलं.

“नाही.”

मुलीने शिक्का बाजूला ठेवला. एल्विरा तिथेच उभी राहिली. मग तिने उजवा हात पुढे केला.

“तरी मार,” ती म्हणाली.

मुलीने शिक्का मारला आणि हात दिव्याखाली धरला. सुरकुत्यांवर एक छोटा कंदील जांभळा उजळला. एल्विराने तो नीट बघून घेतला. हात दिव्याखालून काढल्यावर तिथे काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने डाव्या हाताने भांडी घासली.