मूळ नकाशात नसलेली खोली

माझा धाकटा भाऊ इतक्या वर्षांनी घरी आला तो हातात लाल खडू घेऊनच. "ताई, आता या घराला त्याचं मूळ रूप परत द्यायचं," असं म्हणाला आणि भिंतीभिंतीवर फुल्या मारत सुटला. शंभर वर्षांपूर्वी पणजोबांनी जे बांधलं ते राखायचं, नंतर कुणी घुसडलेलं काढून टाकायचं. न्हाणीघरातल्या टाइल्सवर फुली, ओट्याखालच्या कपाटांवर फुली. वाळवीनं खाल्लेल्या फडताळावर मात्र त्यानं हात फिरवला आणि "अहाहा!" म्हणाला. त्या फडताळाचं दार मी कित्येक वर्षं सुतळीनं बांधून ठेवतेय. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही.

मग तो मागच्या व्हरांड्यात आला आणि माझ्या खोलीच्या दारावरही त्यानं फुली ओढली.

खोली कसली, फळ्या मारून अडवलेला कोपरा. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा वडिलांनी स्वतः खपून ती केली. मला एक अक्षर विचारलं नाही, फक्त दाराला आतून कडी लावून दिली. याच खोलीतून उठून मी आधी आईचं आजारपण काढलं, मग वडिलांचं.

"नकाशात ही खोली नाहीच गं," भाऊ म्हणाला. "इथे सगळं मोकळं होतं."

"नकाशात मीही नव्हते," मी म्हटलं. "तूही नव्हतास."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. "काम होईपर्यंत दुसरीकडे राहा. परत आलीस की तुझी सोय बघूच."

मी गल्लीच्या टोकाला एक खोली घेतली आणि रोज काम बघायला येत राहिले. फळ्या निघाल्या, दाराची चौकट हलवली आणि छप्पर करकरलं. सगळे अंगणात पळाले. वरची तुळई कधीच कुजली होती. वडिलांनी माझ्या दाराची चौकट नेमकी तिच्याखाली ठोकली होती आणि इतकी वर्षं छप्पर त्या चौकटीवर तरलं होतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. लोक जीव मुठीत धरून उभे होते आणि मी मनात हसत होते. आता फुली पुसावी लागणार, माझी खोली राहणार!

कसलं काय. भावानं छपराला टेकू म्हणून नवा खांब मागवला. पॉलिशवाल्यानं तो कोरा खांब आडवा टाकून साखळीनं बडवला, कानशीनं त्याच्या कडा झिजवल्या, खिळ्यानं वाळवीची भोकंसुद्धा पाडली. "नवा आहे हे ओळखू येणार नाही, ताई," पॉलिशवाला कौतुकानं म्हणाला. खऱ्याला फुली आणि खोट्याचे एवढे चोचले! तोंडात आलेली शिवी मी गिळली.

घर तयार झाल्यावर भावानं लोकांना बोलावलं. एक गृहस्थ त्या खांबावर थाप मारून म्हणाले, "शंभर वर्षांचं लाकूड! आता असं मिळतं का कुठे?" भाऊ नुसता हसला. चहाचा ट्रे माझ्या हातात होता.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "उद्या सामान आणते. माझी खाट कुठे टाकायची?"

भाऊ आणि भावजय एकमेकांकडे बघायला लागले. पुढे बैठक, मग अभ्यासिका, वर त्यांची खोली; सगळं नकाशाबरहुकूम.

"पाहुण्यांची खोली आहे ना," भाऊ म्हणाला. "तू येशील तेव्हा ती तुझीच."

मी पदराला हात पुसले आणि चपला शोधायला लागले. तेवढ्यात भावजय लगबगीनं दारापर्यंत आली. मनानं ती वाईट नाही. अगदी आग्रहानं म्हणाली,

"अहो ताई, अशा कशा निघालात? जेवूनच जा ना."