नागरत्नाचा दाखला

दसऱ्याची गर्दी ओसरली आणि रंगनाथ शिंप्याच्या दुकानातली दोन्ही मशिनं थंडावली. शहराबाहेरच्या मेटगळ्ळीतल्या एका कारखान्याचे गणवेश तो नऊ वर्षं शिवत आला होता. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरात, कारखान्यानं ते काम बंगळूरच्या बड्या दुकानाला दिलं. घरात बायको लक्ष्मीदेवी आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एकुलती एक मुलगी, नागरत्ना.

शेजारचे शिवाजीराव म्हणाले, "अगरबत्तीच्या कारखान्यात मुली घेताहेत. मी शब्द टाकतो."

रंगनाथनं दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना कॉलेज सोडून कामाला जाण्याचा विषय काढला.

"सरि, अप्पा," नागरत्ना म्हणाली. ठीक आहे. एवढंच. तिनं ताटातला भात संपवला, हात धुतला, कॉलेज सोडायच्या अर्जावर सही केली आणि वह्या उचलून मैत्रिणीला देऊन आली. रंगनाथला वाटलं, पोर समजूतदार आहे. बापाला जड जाईल म्हणून तिनं डोळ्यांतलं पाणी आवरलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिचा कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला गेला. कचेरीत विशालाक्षम्मा नावाच्या जाडसर चष्म्याच्या बाई बसत. अर्ज पुढे सरकवताना रंगनाथ स्वतःशीच पुटपुटला, "विठ्ठला, तूच बघ रे आता." बाईंनी मान वर केली.

"मराठी का तुम्ही? आमच्याही घरात तीच. बसा." त्यांनी अर्ज वाचला. "घरची अडचण, असं लिहिलंय. ही अडचण कधीपर्यंतची?"

हा प्रश्न रंगनाथला कुणी विचारला नव्हता, त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता. "सरकारी स्कॉलरशिप मंजूर आहे तिला," तो म्हणाला. "पण ती फेब्रुवारीत हाती पडते. तोवर परीक्षेची फी, बसचा पास, पुस्तकं... कसं निभावणार, बाई? पुढच्या वर्षी जमलं तर परत घालीन."

"म्हणजे चार महिन्यांची अडचण." बाईंनी चष्मा काढून ठेवला. "अठरा वर्षं मी इथं आहे. पुढच्या वर्षी येतो म्हणून गेलेली किती परत आली, सांगू? दोघं. डोकं चालत नाही म्हणून गेलेलं पोर मला आठवत नाही. बसच्या पाससाठी गेलेली मात्र आठवतात. गेल्याच वर्षी एच. डी. कोटे गावचा एक मुलगा असाच गेला. वर्गात पहिला होता. आता तिथंच कुणाच्या तरी म्हशी राखतो म्हणे."

मग त्यांनी सांगितलं, की जुन्या विद्यार्थ्यांनी गरजू मुलांसाठी एक निधी ठेवलाय. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातून मदत मिळते. लोकांना माहीतच नसतं, म्हणून कुणी मागायला येत नाही.

रंगनाथचे कान तापले. "दान घ्यायचं म्हणता?"

"हो, दानच. देणाऱ्यांना द्यायला लाज वाटली नाही, मग तुम्हाला घ्यायला कसली?" त्यांनी तो दाखल्याचा अर्ज खणात सरकवला. "हा सोमवारपर्यंत माझ्याकडे राहू दे. मुलीला पाठवा. तिला सोडायचं असेल, तर तिनं मला तसं तोंडानं सांगू दे."

घरी आला तेव्हा नागरत्ना दारात बसून आईबरोबर काजं करत होती. त्यानं झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "खरं सांग पुट्टी, तुला शिकायचंय?"

सुई कापडात तशीच टोचून ती उठली आणि अनवाणीच पळत सुटली. लक्ष्मीदेवी ओरडली, "अय्यो, कुठं निघालीस?" गल्लीच्या टोकावरून आवाज आला, "वह्या आणायला!"

रंगनाथ ओट्यावर बसला. काल ती 'सरि' म्हणाली, तेव्हा आपण तिच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नव्हतं, हे त्याला आत्ता आठवलं, आणि त्याला पंच्यानं डोळे पुसावे लागले.

सोमवारी निधीच्या अर्जावर प्राचार्यांची सही झाली. एक तारखेपासून मदत मिळू लागली. फार मोठी नव्हती, पण वेळेवर होती. सरकारी स्कॉलरशिप त्या वर्षी फेब्रुवारीत आलीच नाही, एप्रिलच्या शेवटी आली. तोवर परीक्षा होऊनही गेली होती आणि नागरत्ना वर्गात तिसरी आली होती. पुढच्या वर्षी ती पदवीधर झाली आणि हुणसूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली.

तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशी रंगनाथ रेशमी खण घेऊन विशालाक्षम्मांकडे गेला. "मापाला माझी बायको येईल. ब्लाउज मी शिवतो. नाही म्हणू नका."

"नाहीच म्हणणार. कचेरीत बसून भेट घेत नाही मी." मग त्या जरा थांबल्या. "तुमच्या हाताला काम द्यायचंच, तर एक आहे. पांढरा डगला नसला, तर पोरांना प्रयोगशाळेत घेत नाहीत. दरवर्षी चार-पाच जण लाजेनं तासच चुकवतात."

"कापड?"

"निधीतून देऊ."

"मग शिलाई माझी," रंगनाथ म्हणाला. त्या जुलैत त्यानं अकरा डगले शिवले. ज्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पैशांवर मुलगी शिकली, त्यांतल्या एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्यामुळे मशीन मारताना तो सगळ्यांना मिळून एकच नमस्कार घाली.

शेवटचं माप तलकाडहून आलेल्या एका काटकुळ्या मुलीचं होतं. डगला घालून ती आरशात बघत राहिली. "थोडा ढगळ होतोय, मामा," ती कन्नडमध्ये हळूच म्हणाली.

"होऊ दे. आत शिवणीत माया भरपूर ठेवलीय," रंगनाथ म्हणाला. "तीन वर्षं काढायचीयत ना तुला यात."