दहा इंची आबा

क्रांतीला कंट्रोलर निवडायला अर्धा तास लागला. त्याची स्क्रीन निवडायला मात्र तिचं सगळं आजोळ कामाला लागलं, आणि ते आजोळ एकदा कामाला लागलं की देवालासुद्धा बाजूला सरकून बसावं लागतं.

क्रांती आधी साताऱ्याच्या एका कारखान्यात मशिनांचे प्रोग्राम लिहायची. ती नोकरी सोडून तिनं कोरेगावला गाळा घेतला. कुणाच्या पोल्ट्रीचे पंखे, कुणाच्या डेअरीची टाकी, असली लहानसहान कामं ती आपोआप चालणारी करून द्यायची. आजोळचं काम मात्र जिवाशी आलेलं होतं. कडेगावच्या अलीकडं तिच्या दोन मामांचा ऊस आणि दोघांत मिळून एक विहीर. थोरले मानसिंगमामा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, धाकटे नाथामामा जन्मभर मातीत. पाणी पाळीपाळीनं घ्यायचं. व्हॉल फिरवला की पाणी एकाच्या उसातून निघून दुसऱ्याच्या उसात जायचं. तो व्हॉल कोण लवकर फिरवून गेला यावरून एकदा असं वाजलं की दोन वर्षं झाली, भाऊ भावाशी बोलत नव्हता.

म्हणजे बोलायचे, अगदी भरपूर बोलायचे, फक्त मध्ये तिसरं माणूस लागायचं. शेजारी बसून मानसिंगमामा म्हणायचे, "त्याला सांग." आणि नाथामामा तिथूनच म्हणायचे, "ऐकलं म्हणावं."

पाळी मशिननंच बदलायची, ही युक्ती क्रांतीची. नाथामामांनी निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं, "आठ दिस डबा नीट चालला तर ठीक. न्हाईतर मी माजी येगळी मोटर बसवतो, नदीवरनं येगळी लाईन टाकतो. मग इहीर बी येगळी आन् वाट बी येगळी." क्रांतीला धंद्याची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी आईची होती. भाऊबीजेला तिनं आधी कुणाच्या दारात जायचं? आजवर दार एकच होतं.

विहिरीच्या कट्ट्यावर बैठक बसली. क्रांतीनं समजावून सांगितलं, "कंट्रोलर म्हंजे डोकं. मोटर चालू हाय का, पाणी किती हाय, व्हॉल कुणाकडं हाय, हे सगळं तो बघणार आणि वेळ झाली की पाळी बदलणार. स्क्रीन म्हंजे नुसतं तोंड. डोकं चांगलं घेऊ, तोंड चार इंची बास."

"पोरी पसंत करताना तोंडच बघत्यात," नाथामामा म्हणाले. "डोकं कोण बघतंय?"

लग्नाच्या वयाच्या भाचीपुढं हे बोलायला नको होतं, पण मामा म्हणजे मामाच. क्रांतीनं कानाआड केलं.

"कुठल्या देशाचा माल?" मानसिंगमामांनी विचारलं.

"मामा, आतले पार्ट चीनचे असतातच थोडेफार."

"मग नको. दोन हिवाळं त्यांच्यासमोर बर्फात हुबा ऱ्हायलोय मी. आता माज्या इहिरीत आणून बसवू व्हय?"

"त्याला सांग," नाथामामा म्हणाले, "खिशातला मोबाईल कुठला हाय त्ये बघ म्हणावं."

मानसिंगमामांनी मोबाईल काढला, उलटा करून बघितला, परत खिशात ठेवला आणि आभाळाकडं बघत बसले. देशाचा प्रश्न तिथं मिटला.

मग क्रांती म्हणाली, मोबाईलसारखी नाजूक स्क्रीन नको. शेतातले हात ओले, चिखलाचे. जरा दाबलं की चालेल अशी घेऊ, म्हणजे कसाही हात लागला तरी तिला कळेल. यावर दोघांनीही मान हलवली. मग एकाची मान हलते आहे हे दुसऱ्यानं बघितलं आणि दोघांनीही हलवायची थांबवली.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. स्क्रीन लागली की आधी आबांचा फोटो दिसला पाहिजे. आबा म्हणजे त्यांचे वडील कोंडीबा. ही विहीर त्यांनीच खणली होती. त्यांचा फोटो एकच होता, खुर्चीत बसलेला, फेट्यापासून नव्या वहाणांपर्यंत अख्खा. क्रांतीनं नमुन्याच्या चार इंची स्क्रीनवर तो घालून दाखवला. आबा शेंगदाण्याएवढे दिसायला लागले. तिनं फोटो छातीपर्यंत कापून मोठा केला. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली शालूबाईआजी पुढं आली.

"पाय कुठं गेलं त्यांचं?"

"मावत नाहीत आजी."

"पाय न्हाईत तर पाया कुठं पडायचं?"

कुठल्याही कॅटलॉगात याचं उत्तर नव्हतं. सात इंचीत वहाणांची टोकं कापली जात होती. दहा इंचीत अंगठ्यांसकट दोन्ही पाय आले. झालं, दहा इंची ठरली. तिच्या खर्चापायी कंट्रोलर भारीतला घ्यायचा तो क्रांतीनं बेताचा घेतला आणि मनातल्या मनात पाचपन्नास शिव्या दिल्या.

आता राहिलं एक बटण. लाईट जाऊन वेळेचा घोटाळा झाला तर हातानं पाळी बदलायला ते हवंच होतं. पण सगळी स्क्रीन आबांनी व्यापलेली. तोंडावर बोट ठेवायचं नाही, फेट्याला हात घालायचा नाही, पोटात बोट खुपसणं तर शोभतच नाही. उरली खालची जागा. क्रांतीनं बटण तिथं ठेवलं. मामांची बोटं जाड म्हणून जागाही ऐसपैस धरली, पार वहाणांवर येईल अशी. डबा मोटरघरात बसला, नारळ फुटला, आजीनं पेढा भरवला आणि क्रांती कोरेगावला परतली.

दोनतीन दिवसांत फोन सुरू झाले.

"त्याला सांग, व्हॉलला हात लावायचा न्हाई."

"मामा, व्हॉलला हात लावताच येत नाही आता. तो विजेवर फिरतो."

लगेच दुसरा फोन, नाथामामांचा. "क्रांते, पाणी सरीच्या तोंडाला येतंय आन् तितनंच माघारी जातंय. मी कडेगावात मोटर सांगून आलोय. परवा टेंपो येतोय."

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती आजोळी हजर झाली. वायरी बघितल्या, प्रोग्राम बघितला, व्हॉल खोलून बघितला. कशात काही नव्हतं. आधी तिला माल विकणाऱ्याचा संशय आला, मग स्वतःच्या डिग्रीचा. मामांना मात्र कसलाच संशय नव्हता, दोघांचीही खात्रीच होती. विहिरीच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला दुसरा, असे ते एकमेकांवर पहारा ठेवून बसले होते. आणि दोघंही जागचे हलले नसताना मोटरघरात 'खट्' वाजलं आणि पाणी फिरलं.

"बगितलंस?" मानसिंगमामा उठले. "मी हितं हाय!"

"त्याला सांग, मी बी हितंच हाय!"

क्रांती मोटरघराकडं पळाली. दारात राणी उभी होती, नाथामामांची नवी सून. वाकलेली नुकतीच सरळ होऊन डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

"राणी, काय केलंस?"

"काय न्हाई वन्सं. आबांच्या पाया पडले."

"हात लावून?"

"मंग? लांबनं कसं पडायचं? रोज पडतो की आमी. सासूबाई पडत्यात, आजी तर येता-जाता पडत्यात. वाटंनं जाणाऱ्या बायका बी आत येऊन पडून जात्यात."

डब्याला झेंडूची माळ होती. वहाणांवर हळदीकुंकवाचा थर होता. हे सगळं क्रांतीनं सकाळीच बघितलं होतं, आणि आपल्या कामाचं किती कौतुक होतंय म्हणून सुखावलीही होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. कारखान्यात मशिनची पूजा खंडेनवमीला तेवढी होते, तीही मशिन बंद ठेवून. इथं मशिन चालू होतं आणि खंडेनवमी रोज होती.

तिनं सगळ्यांना बोलावून चूक कबूल केली. बटण कुठं आहे, ते कसं दाबलं जातंय, पाणी का फिरतंय, सगळं सांगितलं. शालूबाईआजी नमस्कारालाच आली होती. तिनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"म्हंजे पोरांचं पाणी मी तोडत हुते व्हय गं?"

हात पदरात गुंडाळून ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली, फोटोपासून लांब, गुन्हा केल्यासारखी. ते बघून दोन्ही मामांचे चेहरे उतरले.

"आयेला सांग, हात लाव म्हणावं," मानसिंगमामा म्हणाले.

"आयेला सांग, हात लाव म्हणावं," नाथामामा म्हणाले.

दोन्ही वाक्यं एकाच वेळी निघून क्रांतीवर येऊन आदळली.

क्रांतीनं लॅपटॉप उघडला आणि आबांचे पाय मोकळे केले. पिशवीत दोन साधी लोखंडी बटणं होती, ती डब्याच्या दाराला भोकं पाडून बसवली. एवढ्या खटाटोपानं निवडलेली दहा इंची टच स्क्रीन आता नुसती फोटोची चौकट झाली. तालुक्यात इतकी महागडी चौकट दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याला मिळाली नसेल.

"ये आजी. आता लाव हात. कुणाचं पाणी तुटत नाही."

आजी आली, वाकली, पायांना हात लावला आणि तशीच थांबली. परत हात लावला. मग स्क्रीनजवळ कान नेला.

"आता बोलत न्हाईत त्ये."

"कोण, आजी?"

"तुजं आजोबा गं. हात लावला की आतनं खट् वाजायचं. जित्तं हुतं तवा बी एवढंच बोलायचं. जेवायला वाढू का म्हटलं की 'हं.' झोपताय का म्हटलं की 'हं.' गेल्यापास्नं पहिल्यांदाच ह्या चार दिसांत बोलत हुतं."

क्रांती खाली बसली, पिशवीतून बोटभर रिले काढला, वीज मिळाली की खट् वाजणारी डबी, तो डब्यात बसवला आणि त्याची वायर कंट्रोलरला जोडली. त्याच्या दुसऱ्या बाजूला मात्र काहीच जोडलं नाही, ना मोटर, ना व्हॉल. प्रोग्राममध्ये एकच ओळ घातली, की पायांना हात लागला की हा वाजावा.

"आता लाव."

आजीनं हात लावला. खट्.

"व्हय, व्हय, ऐकलं," आजी हसून म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत बाजूला झाली.

मानसिंगमामा डब्यात डोकावले. "क्रांते, त्या डबीला जोडलंय काय?"

"काही नाही मामा."

"मग वाजती कशाला?"

"वाजायसाठीच."

फौजेत एका स्क्रूचासुद्धा हिशेब मागणारा माणूस, पण पुढं काही विचारलं नाही. टोपी काढली, वाकले, हात लावला. खट्. आणि तिथंच उभे राहिले, बराच वेळ.

मागं नाथामामा चुळबुळत होते. त्यांनी क्रांतीकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि मग कुणाकडंच न बघता म्हणाले, "दादा, सरक की जरा. मला बी पाया पडू दे."

मानसिंगमामा सरकले. नाथामामा वाकले आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, "आन् त्या मोटरवाल्याला तू फोन लाव. माज्या फोनला रेंज न्हाई. नको म्हणावं."