अकरा उणे

१९७१च्या उन्हाळ्यात सुरतेत डोळ्यांची साथ आली. बमरोलीच्या एका कापड कारखान्यात तेव्हा अठरा विणकर होते, आणि त्यांच्या रोजच्या कामाची आखणी करायला सुधाकर देवस्थळी नवे नेमले होते. सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. शनिवारी शेठ त्यांचा आठवड्याचा तक्ता पाहणार आणि नोकरी पक्की करायची की नाही ते ठरवणार होते.

देवस्थळी साताऱ्याचे. मराठीचा भारी अभिमान. बायकोने, शकुंतलाबाईंनी, लिहिलेल्या वाणसामानाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा ते सुधारून देत. साथीला मात्र ते इतके भ्याले होते, की मागांच्या शेडमध्ये पाऊल टाकत नसत. काळा गॉगल लावून, खोलीचं दार बोटभर उघडं ठेवून बसत. सकाळी मुकादम धुडकू बाहेरूनच हजेरी सांगे. तो खानदेशचा, त्याची बोली अहिराणी.

"लोटू उना. भटू उना. दगा उना."

ही बोली देवस्थळींना अशुद्ध वाटे, पण हा एक शब्द त्यांना बरोबर कळला होता. उणा, म्हणजे कमी. बिचाऱ्याला 'ण' तेवढा जमत नाही. पुकारलेल्या नावापुढे ते वजाची खूण करत, न पुकारलेल्यापुढे अधिकची. पाच दिवस रोज अकरा उणे, सात हजर. माल मात्र उतरे अकरा माणसांचा. हे सारं आपल्या आखणीचं फळ, असं ते जेवताना शकुंतलाबाईंना ऐकवत.

शनिवारी शेठने तक्ता पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"सुधाकरभाई, सात माणसांत एवढा माल?"

"आखणी नीट असली की होतं," देवस्थळी नम्रपणे म्हणाले.

"तो पछी आ अगियार जोइए शा माटे? हे अकरा हवेतच कशाला?" शेठने धुडकूला आत बोलावलं. "लोटू, भटू, दगा, हे अकराही जण सोमवारपासून बंद. आणि सुधाकरभाई, तुमची नोकरी पक्की."

धुडकूचा चेहरा उतरला. तेवढ्यात कारखान्यात चहा देणारी धुरपदाबाई तबक घेऊन दारात आली.

"च्या उना, शेठ," तो कसाबसा म्हणाला.

देवस्थळींनी तबकाकडे पाहिलं. तीन कप, काठोकाठ. उणं काहीच नव्हतं. चहा आला होता, एवढंच.

म्हणजे धुडकू रोज आलेल्यांचीच नावं पुकारत होता. आजारी सात जण घरी होते, आणि ज्यांनी पाच दिवस माग चालवले त्यांनाच आपण घालवत होतो. आता खरं सांगायचं, तर आपल्याला मुकादमाचं बोलणं कळत नाही, हे चारचौघांत कबूल करणं आलं. ते देवस्थळींच्या जिभेवर येईना.

"शेठ, मला डोळे आलेत," ते गॉगल सावरत म्हणाले. "सोमवारपासूनच. खुणा उलट्या पडल्या. ते अकरा हजर होते."

शेठ खुर्चीसकट मागे सरकले. "आणि माझ्यासमोर येऊन बसलात? जा घरी. अकरा राहू द्या. तुमचं पक्कंबिक्कं मग बघू."

धुडकूने त्यांना फाटकाशी गाठलं आणि गॉगलच्या कडेतून आत डोकावून पाहिलं.

"साहेब, डोया ते चांगला शेतस तुमना."

"कोणाला सांगू नकोस."

"नई सांगाव. पन लबाड काब बोलनात?"

देवस्थळी दोन पावलं पुढे गेले, थांबले आणि मागे वळले.

"काब म्हणजे काय रे?"