पालथा कप

आमच्या ट्रस्टमध्ये हात वर करून मत द्यायची पद्धत नाही. संस्थेचा माणूस येतो, आपलं म्हणणं मांडतो, बाहेर जातो. मग विश्वस्तांपुढे चहा येतो. चहा झाला की सगळ्यात धाकट्याने आधी उठून व्हरांड्यात जायचं, मग त्याच्याहून मोठ्याने, थोरल्याने शेवटी. ज्याला मदत द्यायची नसेल त्याने उठताना आपला कप बशीत पालथा घालायचा. एक जरी कप पालथा असला तरी अर्ज नामंजूर. कुणाचा पालथा आहे ते सगळ्यांना दिसतं, पण विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. प्रत्येक अर्जाला नवा चहा. सभेचा दिवस म्हणजे आमच्या घरात पित्ताचा दिवस.

ही पद्धत वडिलांची. बाटल्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यावर त्यांनी घर उभं केलं, आणि पैसा घरात मावेनासा झाला तेव्हा त्याचा ट्रस्ट केला. लोक आम्हाला झाकणवाले म्हणतात. वडील म्हणायचे, काही चूक नाही त्यांचं. भांडण उतू जायच्या आत त्यावर झाकण ठेवणं, एवढी एकच गोष्ट मला येते.

संस्था निवडायची मात्र आई. कागदावर सगळीच देवमाणसं असतात, असं तिचं मत होतं. अर्ज आला की ती न कळवता तिथे जायची, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायची, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाशी कुणी कसं बोलतं ते ऐकत राहायची. तिचा एकच नियम होता. ज्याला द्यायचंय त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. चहा नाही, सावलीतली खुर्ची नाही, पाणीसुद्धा नाही. पाण्याची काचेची बाटली ती घरून न्यायची. तिला आमच्याच कारखान्याचं निळं झाकण. "एकदा त्यांचं पाणी प्यायलं की आपण पाहुणे झालो," ती म्हणायची. "मग देतो ते दान नसतं, परतफेड असते. परतफेड करायला ट्रस्ट कशाला पाहिजे?" ज्या शाळेत आम्ही शिकलो त्या शाळेला तिने कधी छदाम दिला नाही. मुख्याध्यापक शेवटपर्यंत आम्हाला कंजूष समजत होते.

गेल्या वर्षी ती एका शुश्रूषागृहात जाऊन आली. बरे होणार नाहीत अशा माणसांना शेवटचे दिवस सांभाळणारं दुमजली घर. एक डॉक्टरबाई ते चालवतात. परत आल्यावर आई जास्त काही बोलली नाही. पायातली चप्पल काढता काढता म्हणाली, "तिथे कुणी घाईत नसतं." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. अर्ज पुढच्या सभेत येणार होता.

त्या सभेआधी तीच अंथरुणाला खिळली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आमच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली, आणि दादाने एका फोनवर त्याच शुश्रूषागृहात खाट मिळवली. आई म्हणाली, "तिथे नको." आम्हाला वाटलं, ती घाबरली. मी तिचा हात धरून पुस्तकी वाक्यं बोलले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगं, दुसरीकडे कुठेही चालेल. तिथे नको." दादाने तिच्या कपाळावर हात ठेवला. "आई, तुझ्यासाठी जे उत्तम आहे तेच होणार," म्हणाला. ते उत्तम होतं यात शंकाच नाही.

तिथे तिने पाणी घरचंच हवं असा हट्ट धरला. रोज मी ती निळ्या झाकणाची बाटली भरून न्यायची. एक परिचारिका तिला चिडवायची, "काय हो आजी, आमच्या पाण्यात काय विष कालवलंय?" आई म्हणायची, "तुमच्या पाण्याला काही झालं नाही हो. माझ्याच जिभेला वळण नाही." आम्ही हसायचो. आजारपणात माणूस हेकट होतं, असं मी वहिनीला समजावून सांगितलं होतं. शेवटच्या दुपारी बाटली संपली म्हणून मी घरी गेले, भरून परत आले, तेव्हा ती झोपली होती. ती पुन्हा जागी झाली नाही. बाटली तशीच भरलेली मी घरी आणली.

सभा भरली ती तिच्या जाण्यानंतरची पहिलीच. जेवणाच्या खोलीतलं तेच टेबल. काका खिडकीकडे पाठ करून, त्यांच्या डाव्या हाताला दादा, मग वहिनी, मी. आईच्या खुर्चीसमोर वहिनीने तिचाही कप मांडला होता, बिनसाखरेचा. "मला बाई ती जागा रिकामी बघवेना," ती म्हणाली. मलाही बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

दादाने पद्धत सुधारली होती. आता कुणी कुठे जाऊन बाकावर बसायचं नव्हतं. संस्थांनीच येऊन पडद्यावर चित्रं दाखवायची. डॉक्टरबाईंनी चित्रं आणली नव्हती. त्या सुती साडीत, पर्स मांडीवर धरून बसल्या. त्यांच्यापुढे चहा आला तेव्हा काका गमतीने म्हणाले, "बाई, आमच्या वहिनी, म्हणजे या मुलांची आई, असत्या तर म्हणाल्या असत्या, देणाऱ्याने घेणाऱ्याकडे पिऊ नये."

"मी पिते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आमच्याकडे तसा काही नियम नाही." आणि त्यांनी कप उचलला.

त्यांचं मागणं साधं होतं. वरच्या मजल्यावर रात्री थांबणाऱ्या बायांचे पगार. आधीच्या देणगीदाराने पैसे देणं थांबवलं होतं. यंदा कुणी हात दिला नाही तर वरचा मजला बंद करावा लागणार होता. "खालच्या खाटा राहतील," त्या म्हणाल्या, "वरच्या लोकांना आम्हाला नाही म्हणावं लागेल."

आई वरच्याच मजल्यावर होती.

काकांनी घसा साफ केला. "काम चांगलं आहे, वादच नाही. पण आपला तो नियम..."

"माझ्याही मनात तेच आलं," दादा म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "मला तर आत्ता सही करावीशी वाटते. पण नियम आईचाच आहे. आपण तिथलं घेतलंय."

"काय घेतलंय?" मी म्हणाले. "बिल तूच भरलंस ना? सगळे भरतात तसंच. पाणीसुद्धा तिने घरचं प्यायलं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ते ऐकू आलं. तिचा हट्ट, तो हेकटपणा, ते 'तिथे नको'. मरायला टेकलेली बाई एक अर्ज जपत होती. रोज ती बाटली भरताना, नेताना, झाकण उघडून देताना मला एकदाही हे सुचलं नव्हतं, आणि घरात सगळ्यात जास्त पुस्तकं माझी.

मी सांगितलं त्यांना. जमेल तेवढ्या कमी शब्दांत. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. काका म्हणाले, "अरे देवा." क्षणभर वाटलं, झालं. म्हणून मी गाठ पक्की करायला डॉक्टरबाईंकडे वळले. "तुम्हीच सांगा यांना. आईला खाट मिळाली ती तिच्या नंबरानेच ना? इतरांसारखीच?"

त्यांनी कप खाली ठेवला. दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, ते जाऊ द्या," दादा म्हणाला.

"विचारलंय त्यांनी. तुमच्या ऑफिसातून फोन आला होता. अर्जाची आठवण करून दिली, आणि आजच खाट हवी म्हणाले. खाट नव्हती. खिडकीजवळ एक म्हातारे सुतार होते, त्यांच्या मुलाला आम्ही म्हटलं, थोडे दिवस घरी नेता का? तो नेतो म्हणाला. त्याला खोलीबाहेर बोलावून हे म्हणताना मलाही लाज वाटली, पण म्हटलं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या आईंनी तिसऱ्याच दिवशी विचारलं, या खाटेवर आधी कोण होतं? मी खोटं बोलले नाही."

"मग?" मी विचारलं.

"बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, माझ्या घरच्यांनी तुम्हालाही बिघडवलं की हो."

सुतारांचं काय झालं ते मी विचारलं. ते आईच्या आधी गेले होते. घरी.

"हे सगळं सांगून तुम्ही तुमचंच नुकसान करताय," काका म्हणाले, खरंच कळवळून.

"माहीत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण त्या सुतारांच्या बाबतीत मी वाकले, म्हणून वरचा मजला बंद करायचा का, एवढंच तुम्ही ठरवा. तुमच्या नियमाचं तुम्ही बघा." नमस्कार करून त्या बाहेर गेल्या.

चहा आला. आईच्या कपातही ओतला गेला. कुणी विषय काढला नाही. चहाच्या वेळी काढायचा नसतोच. काका साखर ढवळत राहिले, विरघळून गेल्यावरही. मी सगळ्यात धाकटी. मी माझा कप सरळ ठेवला आणि उठले. माझ्या मागोमाग वहिनी आली. मग दादा. व्हरांड्यात तो कुंडीतली सुकलेली पानं खुडत उभा राहिला. काका शेवटी आले, आणि लगेच म्हणाले, "चला."

आत चार कप सरळ होते. माझा, वहिनीचा, दादाचा, काकांचा. पालथा होता तो पाचवा. आईचा. तिचा चहा कुणी प्यायला नव्हता, तसाच उलटा केला होता. बशी भरून वाहिली होती आणि टेबलक्लॉथवर तपकिरी डाग हळूहळू पसरत होता.

"आईनेच ठरवलं म्हणायचं," दादा म्हणाला.

"तिच्यापुढे कोणाचं चाललंय," काका म्हणाले. काका शेवटी उठतात, म्हणजे त्यांनी बघितलं होतं. दादाच्या शर्टाची बाही मनगटाशी ओली होती. त्याने ती घडी घालून वर केली. वहिनीने फडकं आणलं आणि डाग टिपायला घेतला. कुणाचा कप हे विचारायचं नाही. माझ्या वडिलांनी घरात भांडण होऊ नये म्हणून केलेली पद्धत, आणि खरोखरच भांडण झालं नाही. माझा भाऊ आईला नाही म्हणाला नव्हता, डॉक्टरबाईंना नाही म्हणाला नव्हता. सगळ्यांचे हात कोरडे होते, एक बाही सोडून.

पुढचा अर्ज दादाच्या मित्राच्या शाळेचा होता. बंदिस्त क्रीडागृह, पडद्यावर रंगीत चित्रं, आणि दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत आईचं नाव. मित्र बोलून बाहेर गेला. नवा चहा आला. वहिनीने आईचा कप धुऊन पुन्हा जागेवर मांडला, पण या वेळी त्यात ओतला नाही.

मी माझा चहा संपवला, आणि उठायच्या आधी, सगळ्यांच्या देखत, कप पालथा घातला.

"अगं, असं करत नाहीत," दादा म्हणाला.

"माहीत आहे."

"पोरी, आईच्या नावाला नाही म्हणतेस?" काका म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"काका, आई अजून मत देते, हे आत्ताच तुम्ही सगळ्यांनी मान्य केलंत. मग तिचं नाव भिंतीवर कशाला? भिंतीवर मेलेल्यांची नावं असतात."

दादाचा चेहरा लाल झाला. "तुला वाटतं तुझं एकटीचंच दुःख आहे," तो म्हणाला. त्याचं दुःख खोटं नव्हतं. लहानपणी जत्रेत हरवल्यावर तो असाच रागावून रडला होता, असं आई सांगायची. पण त्या बाहीकडे माझं लक्ष गेलं आणि मला त्याची दया आली नाही. कप मी तसाच ठेवला. क्रीडागृह नामंजूर झालं. तेवढ्याने वरच्या मजल्यावर एक दिवाही लागणार नव्हता, हे मला कळत होतं.

डॉक्टरबाई अजून फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी गेले तेव्हा त्यांनी विचारलंही नाही. चेहऱ्यावरून कळलं असेल.

"माझ्याच प्रश्नाने घात केला," मी म्हणाले.

"नाही हो. तो फोनवरच झाला होता." त्यांनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुम्ही आत पाण्याचं बोललात ना, तेव्हा मी गप्प बसले. सगळ्यांपुढे नको वाटलं."

"काय?"

"शेवटच्या दुपारी तुम्ही बाटली भरायला घरी गेलात, तेव्हा त्यांनी आमचं पाणी मागितलं. चमच्याने पाजलं मी. पूर्ण शुद्धीत होत्या. अजून द्या, म्हणाल्या."

रिक्षा आली. त्या बसल्या, पदर आत घेतला, आणि रिक्षा वळून दिसेनाशी झाली.

अर्ज तर आता बुडालाच, मग नियम कशाला जपायचा, असं तिला वाटलं असेल. किंवा त्या बाईंना काहीतरी माफ करायचं असेल तिला. मी पुष्कळ विचार केला आहे, आणि विचार करायची मला सवयच आहे. पण कदाचित तिला फक्त तहान लागली होती, आणि मी पाणी आणायला गेले होते.